टोपी कोणाच्या डोक्याची, थंडी कुठली?

डिसेंबर लागला की वाशीच्या सेक्टर 9-10 च्या बाजारात, नेरूळ-बेलापूरच्या स्टेशनांबाहेर, पनवेलच्या रस्त्यांवर कानटोप्यांचे ढीग दिसू लागतात. निळ्या, मरून, करड्या. गोंड्याच्या, पट्ट्यांच्या, डोळ्यांपुरती फट ठेवलेल्या माकडटोप्या. हा माल दीडेक महिना रस्त्यावर असतो आणि संक्रांत सरली की दिसेनासा होतो. दर वर्षी घराघरांत तोच प्रश्न निघतो, नवी मुंबईत कुठली आलीय एवढी थंडी? त्यावर उत्तरही ठरलेलं असतं, असू दे एक घरात, शे-दीडशे रुपयांचा तर प्रश्न आहे. दोन्ही बोलण्यांत थोडं तथ्य आहे. पण त्यांच्या भरवशावर घेतलेली टोपी बहुतेकदा कपाटात पडून राहते. खरेदी लहान आहे, तरी तिचा नीट विचार व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. या शहरात टोपीवर पैसे खर्च होतात ते एका ठिकाणी, आणि थंडी सोसली जाते ती दुसऱ्याच ठिकाणी.

आधी थंडीचंच पाहू. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेतला नीचांक 7.4 अंश सेल्सिअसचा आहे, 22 जानेवारी 1962 चा. तो अपवाद. एरवी जानेवारीतल्या पहाटे पारा सोळा-सतराच्या आसपास असतो. खाडीलगतच्या वाशी-नेरूळपेक्षा डोंगराच्या पायथ्याची खारघर, तळोजा, पनवेलची हवा जरा जास्त गार. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ सरकून गेला आणि कोरडे वारे खाली उतरले की दोन-चार दिवस आणखी बोचरे जातात. पण त्याही दिवसांत दुपारी तिशीच्या आसपास तापमान चढतं. सकाळी नऊला घराबाहेर पडणाऱ्या माणसाला या हवेत टोपी लागत नाही, हे मान्यच करायला हवं.

मग लागते कोणाला? पहाटे पाचला सागर विहारला खाडीच्या वाऱ्यात फेऱ्या मारणाऱ्या सत्तरीच्या माणसाला लागते. पण त्याला ऊब फारशी नको असते. वारा कानात शिरू नये एवढंच त्याचं काम. साधी सुती कानटोपी किंवा डोक्यावरून घेतलेला मफलर त्याला पुरतो. जाड टोपी घालून अर्धा तास झपाझप चाललं की कपाळाला घाम येतो, टोपी काढून हातात घ्यावी लागते आणि घामेजल्या डोक्याला वारा लागतो. मॉर्निंग वॉकला जाणारे अनेकजण हे रोज करतात. पाम बीच रोडवरून पहाटे दुचाकीने जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला वारा झोंबतो, म्हणून हेल्मेटखाली जाड विणलेली टोपी चढवली जाते. हे धोक्याचं आहे. हेल्मेट डोक्याला घट्ट बसलं तरच उपयोगाचं असतं, आणि जाड लोकरीच्या थरावर ते सैल सरकतं. हेल्मेटखाली घालायच्या पातळ, अंगाला चिकटणाऱ्या टोप्या मिळतात. त्याच घ्याव्यात, नाहीतर टोपीशिवाय जावं आणि हेल्मेटची काच खाली करावी.

दुसरं गिऱ्हाईक सहलीला निघालेलं. नाताळच्या सुट्टीत मनाली, काश्मीर, नैनिताल. हाडाचे ट्रेकर असतील तर केदारकंठा. तिथे साडेबारा हजार फुटांवर डिसेंबरच्या रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. ऐरोलीच्या आयटी पार्कमधली मुलं कंपनीच्या कामाने परदेशी जातात, त्यांच्यामागून आई-वडील टोरांटोला किंवा शिकागोला जातात, आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात कानटोपीची शोधाशोध सुरू होते. इथे टोपी खरी लागते आणि इथेच सर्वांत जास्त पैसे चुकीचे खर्च होतात. तिसरं गिऱ्हाईक मात्र दुकानात फारसं दिसतच नाही. त्याच्याबद्दल शेवटी लिहितो.

टोपीच्या बाजूने नेहमी एक आकडा फेकला जातो, की शरीरातली चाळीस-पंचेचाळीस टक्के उष्णता डोक्यातून निघून जाते. अमेरिकी लष्कराच्या एका जुन्या मार्गदर्शक पुस्तिकेतून तो जगभर पसरला. मूळ प्रयोगांत सैनिकांना अंगभर ध्रुवीय पोशाख घालून थंडीत बसवलं होतं आणि उघडं राहिलं होतं ते फक्त डोकं. मग उष्णता तिथूनच जाणार. 2008 च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अमेरिकेतल्या दोन बालरोगतज्ज्ञांनी अशा समजुतींचा समाचार घेतला, त्यात ही एक होती. प्रौढ माणसाचं डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्सादेखील जेमतेम असतं, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. तरीही कान, कपाळ आणि मान यांना गारठा फार जाणवतो, आणि ती जागा झाकली की माणसाला बरं वाटतं, हे खरंच आहे. म्हणून टोपी घ्यावी ती कानासाठी. अंगात पातळ शर्ट आणि डोक्यावर महागडी टोपी, अशा वेषात मनालीत कोणी उबदार राहत नाही.

तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी आहे. बाळाचं डोकं त्याच्या शरीराच्या मानाने मोठं असतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईच्या छातीशी धरून ठेवतात तेव्हाही डोक्यावर टोपी घालतात. आपल्याकडच्या कुंचीला या अर्थाने पक्का आधार आहे. जुन्या मऊ लुगड्याची, सुती, मानेमागे लोंबणारी कुंची बाळाला टोचत नाही आणि डोळ्यांवर उतरत नाही. पण नवी मुंबईच्या हवेत, बंद खोलीत, महिन्या-दोन महिन्यांच्या बाळाला झोपेत जाड लोकरीची टोपी बांधून ठेवणं बरोबर नाही. बाळाला फार ऊब झालेली सांगता येत नाही, आणि झोपेत टोपी तोंडावर सरकली तर श्वास अडतो. बाहेर नेताना घालावी, झोपवताना काढावी, असाच सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात. घरातल्या आजींना हे पटवून देणं अवघड असतं, तरी ते करायलाच हवं.

आता मालाकडे वळू. फुटपाथवरच्या, आणि खरं म्हणजे मॉलमधल्याही, बहुतेक टोप्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात. अ‍ॅक्रिलिक म्हणजे खनिज तेलापासून बनवलेला कृत्रिम धागा. 1950 च्या सुमाराला तो बाजारात आला आणि लोकरीची जागा बळकावून बसला. आपल्या दुकानांतून विणकामासाठी लोकर म्हणून ज्या रंगीबेरंगी लडी मिळतात त्याही बव्हंशी याच धाग्याच्या. तो स्वस्त असतो, हलका असतो, रंग धरतो आणि मशीनमध्ये धुता येतो. त्याला नावं ठेवायची फॅशन आहे, पण त्यात मला अर्थ दिसत नाही. कोरड्या, मध्यम थंडीत नीट विणलेली अ‍ॅक्रिलिकची टोपी आपलं काम चोख करते. तिचं दुबळेपण घामात आणि ओल्यात कळतं. मेंढीची लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही आणि ऊब राखते. अ‍ॅक्रिलिकचा धागा पाणी पीत नाही. घाम धाग्यांच्या मधल्या जागेत साचतो आणि टोपी गार पडते. बर्फात दोन तास चढण चढणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो. वाशीच्या बसस्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाला तो कधीच जाणवणार नाही.

लोकर घ्यायची तर कुठली, हा पुढचा प्रश्न. सगळी लोकर मऊ नसते. धाग्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. मेरिनो मेंढीची उत्तम लोकर सतरा ते एकोणीस मायक्रॉनची असते आणि ती कपाळाला टोचत नाही. तिशीच्या पुढे गेलेला धागा बोचतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर अशीच जाड, रखरखीत. धनगरांनी तिचं घोंगडं केलं, चिंचोक्याची खळ देऊन ते घट्ट केलं. ते थंडीइतकंच पावसालाही पुरून उरतं. कातरलेल्या दख्खनी लोकरीला आज नीट भाव मिळत नाही, ती पडून वाया जाते, याची खंत मला आहे. बाहेरून दख्खनी लोकर आणि आतून सुती अस्तर अशी कानटोपी कोणी मनावर घेऊन बनवली तर मी ती आनंदाने विकत घेईन. पण केवळ आपली म्हणून उघड्या कपाळावर घोंगड्याच्या जातीची टोपी कोणी घालणार नाही, आणि तसा आग्रहही धरता येणार नाही.

सहलीतल्या दुकानांत ‘प्युअर पश्मिना’ म्हणून टोप्या दाखवतात. खरा पश्मिना लडाखकडच्या चांगथांगच्या शेळ्यांचा, बारा ते सोळा मायक्रॉनचा, हाताने कातलेला असतो. काश्मीर पश्मिन्याला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो तीन-चारशे रुपयांत टोपीच्या रूपाने मिळत नाही. तेवढ्या पैशांत मिळते ती मऊ व्हिस्कोसची किंवा अ‍ॅक्रिलिकची टोपी. ती आवडली तर जरूर घ्या, पण पश्मिना म्हणून पैसे मोजू नका. कुल्लूला जाणार असाल तर तिथल्या विणकरांच्या सहकारी संस्थेची, 1944 पासून चालत आलेल्या भुट्टिकोची दुकानं आहेत. रंगीत पट्टीची कुल्लू टोपी तिथे घेतली की माल कोणी बनवला हे तरी ठाऊक असतं. मात्र ती टोपी कान झाकत नाही. ती मानाची टोपी आहे. बर्फात कानासाठी वेगळी सोय करावीच लागते.

लोकरीच्या बाजूने इतकं बोलल्यावर तिच्या विरोधातली गोष्टही सांगायला हवी, आणि नवी मुंबईत ती फार वजनदार आहे. सहलीचे पाच दिवस वापरलेली मेरिनोची टोपी उरलेले तीनशे साठ दिवस आपल्या कपाटात राहते, आणि त्यात चार महिने पावसाळ्याचे असतात. या दमटपणात लोकरीला बुरशी येते, कुबट वास येतो आणि कसर लागते. कसरीच्या अळीला लोकरीतलं केराटिन खायला लागतं. टोपीवर घामाचा, तेलाचा डाग राहिला असेल तर ती तिथूनच सुरुवात करते. हजार-दोन हजारांची टोपी पुढच्या डिसेंबरात चाळणी होऊन निघते. अ‍ॅक्रिलिकला कसर लागत नाही. म्हणजे लोकर घेणाऱ्याने सांभाळायचीही तयारी ठेवली पाहिजे. सहलीहून आल्यावर रिठ्याच्या गार पाण्यात हलक्या हाताने धुवायची, पिळायची नाही, पंच्यात दाबून पाणी काढायचं, आडवी पसरून सुकवायची, पूर्ण वाळल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची आणि पावसाळ्यानंतर एकदा उन्हात घालायची. हे होणार नसेल तर लोकरीवर खर्च करू नये. दर दोन-तीन वर्षांनी एकदा हिमालयात जाणाऱ्या कुटुंबाने ती नातेवाइकांकडून किंवा ट्रेकच्या मित्रांकडून मागून आणावी. टोपी मागायला लाज कसली?

पर्यावरणाचा मुद्दाही तराजूत घालायला हवा. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं, की सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू पाण्यात सुटू शकतात. त्यांनी तपासलेल्या कापडांत अ‍ॅक्रिलिक सर्वांत पुढे होतं. आपलं सांडपाणी प्रक्रिया होऊन शेवटी खाडीलाच मिळतं, आणि ठाणे खाडी 2022 पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. दर हिवाळ्यात त्याच चिखलातून रोहित पक्षी आपलं अन्न गाळून खातात. तरीही प्रमाण सोडू नये. हिवाळ्यात एक-दोनदा धुतलेली पन्नास-साठ ग्रॅमची टोपी हा या प्रश्नाचा फार लहान तुकडा आहे. आठवड्याला दोनदा मशीनमध्ये पडणारे आपले पॉलिएस्टरचे टीशर्ट आणि लेगिंग्ज खाडीचं कितीतरी जास्त नुकसान करतात. या कारणासाठी कोणी अ‍ॅक्रिलिकची कानटोपी टाकून नवी घेतली तर खाडीला काही फायदा नाही. आहे ती वापरावी, हाताने धुवावी, फाटेपर्यंत टिकवावी.

टोपी हातात घेतल्यावर काय पाहायचं, हे मात्र जरा सविस्तर सांगतो. आधी उलटी करा. चांगली-वाईट टोपी आतल्या बाजूने ओळखू येते. माथ्याला जिथे विणीच्या कळ्या एकत्र येतात तिथली शिवण चपटी आणि मऊ आहे का, की तिथे दोऱ्याची गाठ जाड गोळ्यासारखी राहिली आहे? तीच गाठ तासाभराने डोक्याला रुतते. मग काठ दोन्ही हातांनी ताणून सोडा. सुलट-उलट टाक्यांची रिब असेल तर ती पटकन मूळ मापाला येते. लाटेसारखी सैल राहिली, तर आठवड्याभरात टोपी डोळ्यांवर येणार हे समजा. नंतर टोपी उजेडासमोर धरा. विणीतून बल्बचा उजेड ठिपक्याठिपक्यांनी दिसला तर वाराही तसाच शिरणार. अशा वेळी दुपदरी, किंवा आतून कानापुरती फ्लीसची पट्टी लावलेली टोपी बघावी. एकदा तळव्याने दहा-बारा वेळा चोळा. लगेच बारीक तंतू सुटून गोळे येऊ लागले तर धागा सैल पिळाचा आहे. शेवटी कपाळावर घालून दोन मिनिटं तशीच ठेवा. दुकानदार काही म्हणणार नाही, आणि म्हणाला तर दुसरं दुकान आहे.

मापाकडे कोणी लक्ष देत नाही. ‘फ्री साइज’ लिहिलं की सगळ्यांना बसते, असं आपण धरून चालतो. भुवयांच्या वर आणि कानांच्या वरून मागे डोक्याच्या फुगीर भागाभोवती टेप फिरवली तर मोठ्या माणसाचं माप साधारण 54 ते 60 सेंटीमीटर भरतं. दोन टोकांच्या डोक्यांना एकच टोपी नीट बसत नाही. बायकांच्या अंबाड्याचा किंवा वेणीचा, शिवाय चष्म्याच्या काड्यांचा विचार तर ती बनवणाऱ्याने केलेलाच नसतो. चष्मा लावणाऱ्याने चष्मा घालूनच टोपी बघावी. घट्ट काठ काड्यांवर दाबला की कानामागे दुखायला लागतं. आणि मुलांच्या टोप्यांना बांधायच्या लांब नाड्या नकोत. त्या झोक्यात, घसरगुंडीत अडकतात.

दुकानदार लोकर म्हणतो म्हणून ती लोकर नसते. आतल्या चिठ्ठीवर धाग्यांची टक्केवारी दिली आहे का ते पाहावं. ‘वूल ब्लेंड’ एवढंच लिहिलं असेल तर त्यात पाच टक्के लोकरही असू शकते. 1964 मध्ये आलेलं वूलमार्कचं गुंड्यासारखं चिन्ह शुद्ध नव्या लोकरीसाठी असतं, आणि मिश्रणांसाठी त्याची वेगळी रूपं आहेत. घरी नेल्यावर शंका आली तर आतल्या शिवणीतून बोटभर धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती विझते आणि राख बोटांत चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळतं, काजळी धरून जळतं आणि मागे कडक काळा मणी राहतो. हे सिंकजवळ, पाणी हाताशी ठेवून करावं, आणि मुलांच्या हाती देऊ नये.

घ्यायची कुठून? परळमध्ये दर हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांची स्वेटर-टोप्यांची दुकानं लागतात. हार्बरने शिवडीला उतरलं की ती फार लांब नाहीत. 1959 नंतर दलाई लामांच्या मागोमाग भारतात आलेल्या निर्वासितांच्या कुटुंबांनी हा व्यवसाय उभा केला आणि तो पिढ्यान् पिढ्या चालू ठेवला आहे. त्यांचा माल हिमालयातला असतो अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात बराचसा लुधियानाच्या कारखान्यांतून, अनेकदा उधारीवर उचललेला असतो. त्यात कमीपणा काही नाही. लुधियाना हे देशातल्या विणलेल्या गरम कपड्यांचं मोठं केंद्र आहे. ही माणसं दर वर्षी त्याच ठिकाणी परततात, त्यामुळे गेल्या वर्षीची टोपी उसवली तर सांगायला माणूस सापडतो. मॉलमध्ये हा माणूस सापडत नाही, पण बिल मिळतं आणि बदलून घेता येतं. ऑनलाइन घेताना हाताला लावून बघता येत नाही, हीच मोठी अडचण. पाकिटावर किंवा संकेतस्थळावर बनवणाऱ्याचं नाव, एमआरपी, कोणत्या देशाचा माल आणि तक्रारीचा पत्ता असलाच पाहिजे. ‘मेरिनो’ म्हणून अ‍ॅक्रिलिक पाठवलं तर ती 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल ठरते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर त्यासाठीच आहे. टोपीसाठी कोण तक्रार करतं, असं म्हणून आपण सोडून देतो. म्हणूनच विकणाऱ्याचं फावतं.

फुटपाथवर मात्र एक विनंती. तिथला माणूस शंभराच्या टोपीत लोकर असल्याचा दावा करत नाही. त्याच्याकडे विणीची परीक्षा करावी, आवडली तर घ्यावी, नाही तर पुढे जावं. वीस रुपयांसाठी त्याच्याशी पाच मिनिटं घासाघीस करायची आणि मॉलमध्ये छापील किमतीला मान डोलवायची, हे शोभत नाही.

आणखी एक वाट आपल्या घरांत अजून जिवंत आहे. दोन सुयांवर कानटोपी विणणाऱ्या आत्या, मावश्या, शेजारच्या काकू नवी मुंबईच्या प्रत्येक सोसायटीत आहेत. मापाची, कानाशी दुपदरी, माथ्याला गाठ नसलेली टोपी त्यांच्याइतकी चांगली कोणी करत नाही. खारघरला टाटा मेमोरियलचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे. तिथे देशभरातून आलेल्या रुग्णांना केमोथेरपीत केस गेल्यावर डोकं झाकायला मऊ टोपी लागते. त्यांच्या उघड्या, हुळहुळ्या टाळूला लोकर चालत नाही, जाड शिवणही चालत नाही. सुती धाग्याची, एकसंध विणलेली टोपीच हवी. ओळखीत असं कोणी असेल तर विकत आणण्याआधी विणणाऱ्या हातांना विचारावं. मात्र कोणी फुकट विणून देईल असं गृहीत धरू नये. धाग्याचे आणि कष्टाचे पैसे द्यावेत.

आता त्या तिसऱ्या गिऱ्हाइकाबद्दल. नवी मुंबईत थंडी खऱ्या अर्थाने सोसतात ती माणसं रात्री जागी असतात. तुर्भ्याच्या एपीएमसीत भाजीचे ट्रक मध्यरात्रीपासून लागतात आणि माथाडी कामगार उजाडायच्या आत पोती उतरवतात. त्यांना घाम येतो, मग दोन ट्रकच्या मध्ये बसलं की अंग गार पडतं. अशा कामाला सुती आणि लगेच वाळणारी टोपीच बरी, जाड अ‍ॅक्रिलिक नव्हे. पहाटे रस्ते झाडणारे सफाई कामगार आहेत. आणि आपल्या प्रत्येक इमारतीच्या फाटकाशी रात्रपाळीचा वॉचमन आहे. एजन्सी त्याला गणवेशाबरोबर जी टोपी देते ती बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यातली, पुढे झापड असलेली. तिने कान झाकले जात नाहीत. मग तो टॉवेल गुंडाळतो, आणि टॉवेल गुंडाळल्याबद्दल कमिटीतलं कोणीतरी त्याला टोकतं. डिसेंबर ते फेब्रुवारी निम्म्या पाळ्या रात्रीच्या धरल्या तरी त्याच्या वाट्याला पंचेचाळीस रात्री येतात, त्याही वय पन्नास-साठच्या पुढे असताना, उघड्या फाटकाशी, हालचाल न करता बसून. मनालीच्या पाच दिवसांसाठी आपण दोन हजारांची टोपी निवडतो आणि या पंचेचाळीस रात्रींसाठी कोणी शंभरही काढत नाही.

उलट बाजूने सांगितलं जातं की गणवेश ही एजन्सीची जबाबदारी आहे, आणि सोसायटीने एकदा टोपी दिली की उद्या स्वेटर, परवा बूट द्यावे लागतील. पहिलं म्हणणं खरं आहे. करार करतानाच हिवाळ्याची टोपी गणवेशात घालून घ्यावी, हा त्यावरचा रीतसर मार्ग. दुसऱ्या म्हणण्याची मला भीती वाटत नाही. रात्रभर उघड्यावर बसणाऱ्या माणसाला स्वेटर लागतोच, आणि तो कोणाकडून तरी मिळायलाच हवा. करार पुढच्या वर्षी बदलेल तेव्हा बदलेल. तोवर शंभर सदनिकांच्या सोसायटीला चार वॉचमनसाठी चांगल्या आठ टोप्या घ्यायला घरटी वीस-पंचवीस रुपयांच्या वर खर्च येत नाही.

म्हणून प्रत्येक सोसायटीच्या व्यवस्थापक समितीला माझी विनंती आहे, की नोव्हेंबरच्या बैठकीत हा विषय घ्या. प्रत्येक रात्रपाळीच्या माणसाच्या डोक्याचं माप टेपने घ्या. दुपदरी, कान पूर्ण झाकणारी, माथ्याला गाठ नसलेली, घरी धुता येईल अशी टोपी निवडा, आणि एक धुण्यात असताना दुसरी हाताशी असावी म्हणून प्रत्येकाला दोन द्या. त्यावर सोसायटीचं नाव छापू नका. ती टोपी त्याची आहे, गावी जाताना त्याला ती घालून जाता आली पाहिजे.